कंपन्या, माणसांचे हक्क आणि सरकार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कामगार कायदे आहेत, पर्यावरणाचे कायदे आहेत. मग ‘उद्योग आणि मानवी हक्क’ असं वेगळं काही सरकारने का करायचं? ते कंपन्यांनी बघायचं ना?

उत्तर : दोघांनीही बघायचं, पण दोघांचं काम वेगळं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये एकमताने स्वीकारलेल्या ३१ मार्गदर्शक तत्त्वांत ही वाटणी स्पष्ट आहे. पहिली दहा तत्त्वं सरकारसाठी आहेत. कंपन्यांकडून लोकांच्या हक्कांवर घाला येऊ नये, यासाठी त्यांचं संरक्षण करणं हे सरकारचं कर्तव्य. हक्कांचा आदर राखणं ही कंपनीची जबाबदारी. आणि नुकसान झालंच तर दाद मिळायला हवी, हा तिसरा भाग. कंपनीने केलेल्या प्रत्येक गैरकृत्याचा दोष आपोआप सरकारवर येत नाही. पण ते रोखण्यासाठी, चौकशीसाठी, शिक्षेसाठी जी पावलं उचलायला हवी होती ती उचलली नाहीत, तर सरकार हात झटकू शकत नाही.

‘कायदे आहेत’ हे खरं, पण एका खात्याचं दुसऱ्याला माहीत नसतं. कामगार खातं नियम कडक करायला निघतं आणि गुंतवणूक खात्याने आधीच परदेशी गुंतवणूकदारांना करारात व्यापक संरक्षण दिलेलं असतं. दक्षिण आफ्रिकेने वर्णभेदाचा अन्याय दूर करण्यासाठी खाणकायदा बदलला, तेव्हा २००७ मध्ये युरोपातल्या दगडखाण गुंतवणूकदारांनी अशाच करारांच्या आधारे सरकारला आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचलं. प्रकरण मिटायला २०१० उजाडलं. म्हणून नववं तत्त्व सांगतं की करार करताना हक्कांच्या रक्षणासाठी कायदे बदलण्याची मुभा सरकारने राखून ठेवावी. करारावर सही होण्याआधी त्याचा मसुदा कामगार आणि पर्यावरण खात्यांच्या टेबलावरून गेला पाहिजे.

प्रश्न : मी एका सार्वजनिक संस्थेच्या खरेदी विभागात आहे. सर्वांत कमी दराची निविदा घ्यावीच लागते. मग मानवी हक्कांचं कलम घालून उपयोग काय?

उत्तर : नुसतं कलम घालून उपयोग नाहीच. हिशोब आधी करावा लागतो. सुरक्षारक्षकाची एक चोवीस तासांची जागा घ्या. आठवड्याचे १६८ तास होतात. एका माणसाने ४८ तास काम केलं, तर साडेतीन माणसं लागतात. रजा आणि आजारपण धरलं की जवळपास चार. कोणी तीन माणसांच्या खर्चात ही जागा चालवतो म्हणाला, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला ५६ तास येणार, किंवा कागदावर नसलेला कोणीतरी राबणार. तुमच्या अंदाजपत्रकात हा तळाचा खर्च मांडा : माणसं, कायदेशीर वेतन, जादा कामाचा दर, सुट्टीतला बदली कामगार, सामाजिक सुरक्षेचा भरणा, साहित्य. निविदा त्याखाली गेली तर लेखी खुलासा मागवा, आणि तो पटला नाही तर ती बाद करता येईल अशी अट निविदेच्या कागदपत्रांत आधीच असू द्या. नियमांत बसतं का, ते विधी शाखेकडून निविदा काढण्यापूर्वीच तपासून घ्या.

करारात तीन गोष्टी हव्यातच. लेखी परवानगीशिवाय उपकंत्राट नाही. काम जिथे-जिथे चालतं तिथले पत्ते, आणि तिथे न कळवता जाण्याचा व हजेरीपट, वेतनचिठ्ठ्या पाहण्याचा तुमचा हक्क. थकलेलं वेतन कंत्राटदाराच्या बिलातून थेट कामगारांना देण्याची सोय.

बहुतेक ठिकाणी घोडं पेंड खातं ते शिक्षेपाशी. करारात एकच शिक्षा असते, कंत्राट रद्द. रद्द केलं तर सेवा बंद पडेल, म्हणून कोणी रद्द करत नाही, आणि कंत्राटदाराला ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून पायऱ्या ठेवा : मुदतीसह सुधारणा, रक्कम रोखणं, मग रद्द करणं, मग पुढच्या निविदांसाठी अपात्रता. पाहणीची जबाबदारी एका नेमक्या पदावर टाका. आणि आणखी एक, जे ऐकायला कडू लागेल : बिलं महिनोन्‌महिने तुमच्याच कार्यालयात अडकत असतील, तर वेतन थकण्यात तुमचाही वाटा आहे.

प्रश्न : मोठ्या कंपन्या माल बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामाच्या परिस्थितीचं खासगी ऑडिट करून घेतात. मग सरकारी निरीक्षकांची गरज उरते का?

उत्तर : उरते, आणि आम्ही हे ठामपणे म्हणतो. ऑडिटरला नेमते आणि पैसे देते ती कंपनीच, माल घेणारी किंवा बनवणारी. कारखाना बंद करण्याचा अधिकार ऑडिटरकडे नसतो. २३ एप्रिल २०१३ ला बांगलादेशातल्या राणा प्लाझा इमारतीला तडे दिसले, लोकांना बाहेर काढलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणकामगारांना परत आत बोलावलं आणि इमारत कोसळली. ११०० हून अधिक माणसं गेली. तिथल्या काही कारखान्यांची खासगी तपासणी झालेली होती. पण वरचे मजले परवानगीविना चढवलेत का, खांब भार पेलतील का, हे त्या तपासणीचे प्रश्नच नव्हते. ती इमारत सील करणं सरकारी यंत्रणेचंच काम होतं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९४७ चा ८१ क्रमांकाचा करार निरीक्षकाला पूर्वसूचनेशिवाय, दिवसा किंवा रात्री, आत जाण्याचा अधिकार देतो. तक्रार कोणी केली हे गुप्त ठेवायचं, इतकंच नव्हे तर भेट तक्रारीवरून आहे हेही मालकाला कळू द्यायचं नाही. व्यवहारात बिघडतं ते इथे : निरीक्षक नेमक्या त्याच विभागात जातो, तोच प्रश्न विचारतो, आणि संध्याकाळपर्यंत तक्रारदार कोण ते सगळ्यांना समजतं. उपाय सोपा आहे. आजूबाजूच्या दोन-तीन कारखान्यांचीही त्याच आठवड्यात तपासणी करा, आणि कामगारांशी बोलणं मुकादमाच्या नजरेआड होऊ द्या.

प्रश्न : कंपनीत तक्रारपेटी आहे. मग कोर्टात जाता येत नाही, असं आम्हाला सांगितलं गेलं. खरं आहे का?

उत्तर : मार्गदर्शक तत्त्वांना हे अजिबात मान्य नाही. कंपनीची अंतर्गत यंत्रणा कोर्टाची वाट अडवू शकत नाही आणि कामगार संघटनेची जागाही घेऊ शकत नाही. तुमच्याकडून काही लिहून घेतलं असेल, तर तो कागद वकिलाला दाखवा. तुमच्या देशातला कायदा काय म्हणतो ते त्यावरून कळेल.

प्रश्न : उद्योग आणि मानवी हक्क यांबाबत सरकार काय करणार हे सांगणारा ‘राष्ट्रीय कृती आराखडा’ खरा की नुसता देखावा, हे सामान्य माणसाने कसं ओळखावं?

उत्तर : क्रियापदं बघा. ‘प्रोत्साहन देऊ’, ‘जागृती करू’ एवढंच असेल तर ते कागदी घोडे. कोणतं खातं, कोणत्या महिन्यापर्यंत, किती निधीतून, हे प्रत्येक कामापुढे लिहिलेलं असावं. असा पहिला आराखडा ब्रिटनने २०१३ मध्ये काढला. नंतर अनेक देशांनी काढले, पण आराखडा म्हणजे कायदा नव्हे. फ्रान्सने २०१७ मध्ये कायदाच केला : देशात ५००० किंवा जगभरात १०,००० कर्मचारी असलेल्या कंपन्यांनी आपल्या आणि उपकंत्राटदारांच्या कामातले धोके शोधून ते टाळण्याचा स्वतःचा आराखडा प्रसिद्ध करायचा. नोटीस देऊन तीन महिन्यांत सुधारणा झाली नाही, तर न्यायालयात जाता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कामगार संघटनेच्या दाव्यावरून सार्वजनिक मालकीच्या टपाल कंपनीलाच धोक्यांची मांडणी फार ढोबळ आहे म्हणून ती नीट करायला सांगितलं. सरकारी कंपन्या तुमच्या देशाच्या आराखड्यात येतात का, हे आधी पाहा. त्या वगळल्या असतील, तर का वगळल्या हे संबंधित खात्याला लेखी विचारा.