कंपनी ग्रीन कार्डचा अर्ज करायला तयार नाही, काय करू?

प्रश्न : मी न्यू जर्सीत एका मध्यम आकाराच्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. एच-१बी व्हिसावर ४ वर्षं २ महिने झाले. ग्रीन कार्डचा विषय काढला की मॅनेजर 'पुढच्या तिमाहीत बघू' म्हणतात. आता एचआरचं म्हणणं असं, की पर्मचा (ग्रीन कार्डसाठी आधी लागणाऱ्या कामगार खात्याच्या मंजुरीचा) खर्च तुम्ही भरा, तीन वर्षं न सोडण्याचा करार करा, मग विचार करू. पत्नी एच-४वर (एच-१बीधारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर) घरी बसून आहे. कंपनीवर सक्ती करता येईल का?

उत्तर : सक्ती करता येणार नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डसाठी अर्जदार तुम्ही नसून बहुतेक वेळा मालक असतो आणि अर्ज करावा की नाही हे तोच ठरवतो.

पण खर्चाची अट सरळसरळ बेकायदा आहे. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या २००७ पासूनच्या नियमानुसार पर्मच्या जाहिराती आणि त्या कामाची मालकाच्या वकिलाची फी मालकानेच भरायची असते. ती पगारातून कापता येत नाही, की तुम्ही नोकरी सोडल्यावर वसूल करता येत नाही. आय-१४० (पर्मनंतर मालकाने करायचा अर्ज) आणि पुढच्या टप्प्यांना हे बंधन नाही. तीन वर्षांच्या कराराचं म्हणाल, तर एच-१बी कर्मचाऱ्याने लवकर नोकरी सोडली म्हणून दंड लावायला मनाई आहे. वाजवी नुकसानभरपाई मात्र राज्याच्या करार कायद्यानुसार मागता येऊ शकते. त्यामुळे कंपनीच्या वकिलावर विसंबून सही करू नका. मसुदा आधी स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्या.

कंपन्या कचरतात त्याला कारणं आहेत. पर्ममध्ये तुमच्याच जागेसाठी जाहिरात देऊन पात्र अमेरिकी उमेदवार मिळत नाही हे प्रामाणिकपणे दाखवावं लागतं. गेल्या सहा महिन्यांत त्याच भागात त्याच कामावरची माणसं कंपनीने काढली असतील, तर त्यांना कळवून त्यांचा विचार करावा लागतो. या भरतीत भेदभाव केल्याच्या आरोपावरून फेसबुकने २०२१ मध्ये आणि अ‍ॅपलने २०२३ मध्ये न्याय खात्याशी कोट्यवधी डॉलरची तडजोड केली, तेव्हापासून वकील अधिकच जपून सल्ला देतात. तुमच्या विभागात अलीकडे कपात झाली आहे का, हे आधी शोधा. झाली असेल, तर 'बघू' म्हणजे बहुधा 'नाही'.

तुमच्यापुढचा खरा प्रश्न मुदतीचा आहे. एच-१बीची कमाल मर्यादा सहा वर्षं. त्यापुढे एकेक वर्षाची वाढ हवी असेल, तर पर्म किंवा आय-१४० किमान ३६५ दिवस आधी दाखल झालेला असावा लागतो. म्हणजे पाचवं वर्ष संपण्याआधी पर्म दाखल व्हायला हवा. तुमच्या हातात दहा महिने आहेत. त्यातले कित्येक महिने प्रचलित वेतनाचा, म्हणजे त्या भागात त्या कामाला किती पगार असायला हवा याचा, कामगार खात्याचा निर्णय येण्यात जातात आणि जाहिराती व त्यानंतरची सक्तीची वाट पाहण्यात आणखी दोनेक महिने. थोडा दिलासा एका गोष्टीत आहे : अमेरिकेबाहेर घालवलेले पूर्ण दिवस सहा वर्षांत परत मिळवता येतात. भारतभेटींचे पासपोर्टवरचे शिक्के, बोर्डिंग पास आणि आय-९४ची (अमेरिकेतला प्रवेश आणि मुक्कामाची मुदत यांची) नोंद आजच एकत्र करा.

भारतीयांची रांग इतकी लांब आहे, की ग्रीन कार्ड लगेच हाती येणार नाही. आज मिळवायचं ते मंजूर आय-१४०. तो असेल आणि प्रायॉरिटी डेट (रांगेतली तुमची जागा ठरवणारी तारीख) आलेली नसेल, तर एच-१बीला तीन-तीन वर्षांची वाढ मिळते आणि पत्नीला कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. मंजुरीला १८० दिवस झाल्यावर कंपनीने अर्ज मागे घेतला, तरी केवळ त्या कारणाने तो रद्द होत नाही. फसवणूक वगैरे नसेल, तर तीच प्रायॉरिटी डेट नव्या मालकाकडेही चालते. वरिष्ठांना सांगताना 'ग्रीन कार्ड द्या' म्हणू नका. 'पर्म आणि आय-१४० एवढंच करा, आय-१४०चा खर्च उचलायची माझी तयारी आहे' असं ईमेलवर मागा आणि दोन आठवड्यांत लेखी उत्तर हवं म्हणून सांगा.

ते उत्तर आलं नाही, तर नोकरी बदला. हा माझा ठाम सल्ला आहे. नवा मालक एच-१बीचा अर्ज दाखल करताच तुम्हाला तिथे रुजू होता येतं, मात्र पर्म पहिल्यापासून करावा लागतो. म्हणून मुलाखतीतच विचारा : रुजू झाल्यावर किती दिवसांत पर्म सुरू कराल? आकडा ऑफर लेटरमध्ये घ्या. 'एक वर्ष झाल्यावर' असं धोरण असलेली कंपनी तुमच्या उपयोगाची नाही, पगार कितीही असो. आणि नवा अर्ज दाखल होईपर्यंत राजीनामा देऊ नका. नोकरी सुटल्यावर अमेरिकेत राहण्याची सवलत मिळते ती जास्तीत जास्त ६० दिवसांची, आय-९४ त्याआधी संपत असेल तर तितकीही नाही.