शूटिंग रेंजवर भराभर गोळ्या का झाडू देत नाहीत?

अमेरिकेतल्या एका रेंजवर 'दोन गोळ्यांमध्ये किमान एक सेकंद जाऊ द्या' असं तुम्हाला टोकलं गेलं, आणि गोळ्यांचे पैसे आपणच मोजत असताना ही सक्ती कशाला, असं तुम्ही विचारलंय. मी टेक्सासमध्ये राहतो आणि सुट्टीच्या दिवशी एका क्लबच्या रेंजवर रेंज ऑफिसर म्हणून, म्हणजे नेमबाजांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवायला उभा असतो. हाच नियम मीही येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि तो मला मनापासून पटलेला आहे.

पहिलं कारण नळीचं. गोळी सुटली की पिस्तूल मागे ढकललं जातं. नळी हाताच्या पकडीपेक्षा वर असल्यामुळे तो धक्का नुसता मागे न जाता नळीचं तोंड वर उचलतो. सराव असलेला माणूस नळी पुन्हा टार्गेटवर आली की मगच चाप दाबतो. नवखा घाईत असला तर दुसरी गोळी नळी वर असतानाच सुटते, तिसरी त्याहून वर. हिशेब करून बघा. गोळ्या अडवणारा मातीचा बांध २५ मीटरवर आणि ५ मीटर उंच आहे, पिस्तूल जमिनीपासून दीड मीटरवर धरलंय. नळी आठ अंश वर झाली की गोळी बांधावरून पलीकडे जाते. वीस सेंटिमीटर लांबीच्या पिस्तुलाचं तोंड त्यासाठी तीन सेंटिमीटरही उचलावं लागत नाही! साध्या पॉइंट टू-टूच्या (०.२२ इंची, लहान) गोळ्यांच्या डब्यावरसुद्धा दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो. म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर. एकेकाळी माळरानावर असलेल्या अनेक रेंजना आता घरं येऊन भिडली आहेत. बंदिस्त रेंजमध्ये गोळी छतात, दिव्यात किंवा टार्गेट पुढेमागे नेणाऱ्या यंत्रात घुसते, आणि लोखंडावर आपटलेली गोळी कुठे वळेल याचा नेम नसतो.

२०१४च्या ऑगस्टमध्ये ॲरिझोनातल्या एका रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात उझी ही छोटी मशीनगन दिली होती. एकेक गोळी झाडून झाल्यावर ती पूर्ण स्वयंचलित केली गेली, धक्क्याने नळी तिच्या ताब्यातून सुटली आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षक गोळी लागून मरण पावला. तुमच्या हातातलं पिस्तूल एका दाबाला एकच गोळी सोडतं, त्यामुळे प्रसंग तंतोतंत तसा नाही. पण नळी उसळते ती त्याच कारणाने.

दुसरं कारण फार कमी लोकांना ठाऊक असतं, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. क्वचित एखाद्या काडतुसात दारू कमी भरलेली असते किंवा नसतेच. मग चाप दाबल्यावर नेहमीच्या धडाक्याऐवजी 'फुस्स' असा दबका आवाज येतो आणि गोळी नळीतच अडकून बसते. इथे त्याला स्क्विब म्हणतात. अशा वेळी बहुधा स्लाइडही, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भागही, पुरती मागे जात नाही. सावकाश झाडणारा लगेच थबकतो, पिस्तूल तसंच टार्गेटकडे धरून दुसरा हात वर करतो. घाईतला माणूस काडतूस अडकलं असेल म्हणून हाताने स्लाइड ओढतो, नवं काडतूस चढवतो आणि चाप दाबतो. समोर नळी बंद आहे. ती फुगते किंवा फुटते, तीही चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. तो एक सेकंद कान देऊन ऐकण्यासाठी आहे. दारू उशिरा पेटण्याचाही प्रकार असतो, म्हणून चाप दाबून काहीच झालं नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबायला सांगतात.

शिवाय माझ्यासारख्याला एकाच वेळी बऱ्याच लेन (प्रत्येक नेमबाजाची वेगळी जागा) बघायच्या असतात, कानांवर आवाज दाबणारे मफ असतात. चाप एकदा दाबून दोन गोळ्या सुटल्या तर बंदुकीत बिघाड आहे हे मला आवाजावरून कळतं. सगळीकडे धडधड चालू असेल तर तो आवाज त्यात बुडून जातो.

वेगाने नेमबाजी करण्यात काहीच वाईट नाही. पुरुषांच्या २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात पाच टार्गेटांवर पाच गोळ्या आधी ८, मग ६ आणि शेवटी ४ सेकंदांत झाडाव्या लागतात. विजय कुमार यांनी २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवलं ते यातच. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. त्यातल्या रॅपिड टप्प्यात एका गोळीला तीनच सेकंद मिळतात. पण तिथे धक्का कमी असलेलं पॉइंट टू-टूचं पिस्तूल असतं, सगळे एकाच हुकमावर झाडतात आणि प्रत्येकाच्या मागे वर्षानुवर्षांचा सराव असतो. रेंजवर पैसे भरून आलेल्या अनोळखी माणसाबद्दल मला यातलं काहीच माहीत नसतं. नियम करताना लेनवरचा सगळ्यांत कच्चा माणूस डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. जाणकारांना त्याचा जाच होतो, हे मान्य आहे.

तुम्हाला वेग शिकायचाच असेल तर रेंजवाल्यांना विचारा. काही ठिकाणी परीक्षा घेऊन परवानगी देतात. नाहीतर यूएसपीएसए या वेगवान नेमबाजीचे सामने भरवणाऱ्या अमेरिकी संघटनेच्या स्थानिक सामन्यांना जा. नवख्यांनाही घेतात. तिथे बहुधा तिन्ही बाजूंना बांध असतो आणि टायमर घेतलेला अधिकारी एका वेळी एकाच नेमबाजावर नजर ठेवून असतो. तोपर्यंत मॅगझिनमध्ये दोनच गोळ्या भरा. पहिली सुटल्यावर समोरची माशी (नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा) पुन्हा टार्गेटवर येताना दिसली तरच दुसरी झाडा.