दुखणं किती? आकड्यांविषयी तीन प्रश्न

प्रश्न: शस्त्रक्रिया झालेला रुग्ण फोनवर हसत-बोलत असतो आणि विचारलं की दुखणं शून्य ते दहापैकी ‘आठ’ सांगतो. नाडी, रक्तदाब ठीक. नोंद काय करावी?

उत्तर: आठच. लक्ष दुखण्यावरून उडावं म्हणूनही माणसं गप्पा मारतात. नाडी-रक्तदाब ताप, भीती, रक्तस्राव, औषधं अशा कशानेही हलतात, आणि तीव्र दुखण्यातही नेहमीसारखे असू शकतात.

त्यापेक्षा प्रश्न कसा विचारला ते तपासा. ‘फार नाही ना दुखत?’ म्हटलं की समोरचा मान हलवून मोकळा होतो. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सर्वांत भयंकर दुखणं, ही दोन्ही टोकं दर वेळी त्याच शब्दांत सांगा आणि ‘आत्ता किती?’ विचारा. मग खोकायला लावून पुन्हा विचारा. पडून दोन आणि खोकताना आठ असेल, तर तो खोल श्वास टाळणार, कफ साचणार. त्यामुळे दोन्ही आकडे लिहा.

औषधानंतरची नोंद हमखास राहून जाते. शिरेतून दिलं तर 15 ते 30 मिनिटांनी, तोंडाने दिलं तर साधारण तासाने परत विचारा. आठाचे पाच झाले तर फरक खरा धरावा. आकडा मोठा आहे, पण रुग्ण गुंगीत आहे, श्वास मंदावलाय, अशा वेळी मॉर्फिनचा पुढचा डोस नुसत्या आकड्यावर देऊ नये. आधी डॉक्टरांना बोलवा.

प्रश्न: रुग्ण रेषेवर खूण करून दुखणं किती ते दाखवतो, ती पट्टी अचूक असते का?

उत्तर: रेषा बरोबर 100 मिलिमीटर असेल तर. झेरॉक्सवर झेरॉक्स काढली की ती लहान-मोठी होते. फूटपट्टी लावून बघा.

प्रश्न: स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला सांगता येत नसेल तर?

उत्तर: आधी विचारून पाहा, ‘दुखतंय का?’ला हो-नाही बरेच जण देतात. नाहीच जमलं तर ‘पेनॅड’ (PAINAD) ही रुग्णाकडे बघून गुण द्यायची पट्टी वापरा: श्वास, आवाज, चेहरा, अंगाची ठेवण, समजावल्यावर शांत होणं, प्रत्येकी 0 ते 2. कूस बदलताना बघा. नुसतं झोपलेलं पाहून दिलेला शून्य फसवा असतो. आणि पेनॅडवरचे चार म्हणजे रुग्णाने स्वतः सांगितलेले चार नव्हेत, म्हणून नोंदीत पट्टीचं नाव लिहा. स्नायू शिथिल करणारं औषध चालू असेल तर निरीक्षणाची कुठलीच पट्टी लागू पडत नाही. चेहराच हलत नाही, तर गुण कशाला देणार?