किरकोळ वाटणारे इंग्रजी शब्द आणि मोठ्यांची व्याख्याने

प्रिय मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मराठी माध्यमातून शाळा आणि त्यानंतर वाणिज्य शाखेची पदवी पूर्ण करून तू आता मुलाखती देतो आहेस. इंग्रजी वाचलेले बहुतेक कळते, पण बोलायची वेळ आली की शब्द सापडत नाहीत, म्हणून रोज वीस शब्द पाठ करण्याचा बेत केला आहेस, असे तू लिहितोस. या बेताला माझी संमती नाही. शब्दांची यादी जशी पाठ होते तशीच विसरलीही जाते, कारण त्या शब्दांना ना कोणाच्या तोंडचे वाक्य असते, ना ते वापरण्याचे निमित्त. त्यापेक्षा इंटरनेट आणि उद्योग-व्यवसाय या विषयांवरची इंग्रजी व्याख्याने नेमाने ऐक आणि त्यांतून शब्द उचल, असे मी सुचवतो.

हेच विषय निवडण्याचे कारण सरळ आहे. त्यांतले जड समजले जाणारे शब्द तुला आधीच येतात. मार्केट, प्रॉफिट, लोन, कस्टमर, नेटवर्क, सर्व्हर, डाउनलोड हे शब्द आपल्या मराठीत इतके मुरले आहेत की भाजीवालाही ते सहज वापरतो. वक्ता कशाविषयी बोलतो आहे हे त्यामुळे तुला पहिल्या दोन मिनिटांतच उमगते आणि उरलेले लक्ष त्या बारीकसारीक शब्दांकडे देता येते, ज्यांच्यावाचून आपले बोलणे अडते. ‘फिगर आउट’ (उलगडा करणे), ‘रन आउट ऑफ’ (संपून जाणे), ‘एंड अप’ (शेवटी भलतीकडे पोहोचणे), ‘टर्न डाउन’ (नाकारणे), ‘पुट ऑफ’ (पुढे ढकलणे) यांसारखे शब्दप्रयोग मला अभिप्रेत आहेत. शाळेत आपल्याला ‘पोस्टपोन’ शिकवले, पण ‘पुट ऑफ’ कोणी फारसे बोलून दाखवले नाही. माल संपला हे सांगायला आपण ‘स्टॉक इज फिनिश्ड’ म्हणतो. ते समजते, चालूनही जाते, परंतु रोज इंग्रजीत व्यवहार करणारा माणूस ‘वी हॅव रन आउट ऑफ इट’ असे म्हणून मोकळा होतो. या प्रयोगांतले दोन्ही शब्द आपल्याला सुटे सुटे ठाऊक असतात. म्हणूनच आपण ते कधी शिकायला घेत नाही.

थोड्या शब्दांत किती काम भागते याचा एक दाखला देतो. व्हॉइस ऑफ अमेरिका या नभोवाणीने 1959 मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या श्रोत्यांसाठी संथ लयीतले प्रसारण सुरू केले, तेव्हा बातम्यांसाठी साधारण 1500 शब्दांची मर्यादा घालून घेतली होती. जगाच्या घडामोडी तेवढ्यात सांगता येत असतील, तर तुझी मुलाखत का होऊ नये? पदवीपर्यंत पोहोचलेल्या माणसाला तेवढे शब्द वाचून तरी ओळखीचे असतातच. प्रश्न आहे तो ते वेळेवर जिभेवर येण्याचा.

आरंभ भारतीय वक्त्यापासून कर, म्हणजे उच्चाराचा अडसर राहणार नाही. इन्फोसिस या सॉफ्टवेअर कंपनीचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी मे 2007 मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न व्यवसाय-शाळेत केलेले भाषण लिखित रूपातही मिळते. त्यात 1990 च्या हिवाळ्यातला एक प्रसंग आहे. इन्फोसिसच्या सात संस्थापकांपैकी पाच जण बंगळुरूच्या छोट्या कार्यालयात बसले आहेत, कंपनी दहा लाख डॉलरना विकायची की नाही यावर चार तास खल चालला आहे, आणि शेवटी मूर्ती बोलतात. मुंबईतल्या एका लहानशा घरातून 1981 मध्ये झालेली सुरुवात ते सहकाऱ्यांना आठवून देतात आणि सांगतात की, तुम्हाला विकायचेच असेल तर खिशात दमडी नसली तरी तुम्हा सर्वांचा हिस्सा मीच विकत घेतो. या हिस्सा विकत घेण्यासाठी त्यांनी ‘बाय आउट’ हा शब्द वापरला आहे. त्याच परिच्छेदात ‘बिसेट’ (अडचणींनी घेरलेला) आणि ‘ऑडेशस’ (धाडसी) असे भारदस्त शब्दही आहेत आणि वहीत उतरवण्याचा मोह तुला त्यांचाच होईल. ते समजून घे आणि पुढे जा. ‘बाय आउट’ मात्र ठेव, कारण गावाकडच्या शेतीत भावाचा हिस्सा विकत घेतल्याचे इंग्रजीत सांगायचे झाले तरी तो तुला उपयोगी पडेल.

दुसरे व्याख्यान अमेरिकन वक्त्याचे घे. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस फेब्रुवारी 2003 मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे टेड या छोट्या व्याख्यानांच्या परिषदेत बोलले होते. डॉट-कॉम, म्हणजे इंटरनेटवर धंदा करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरचा फुगा फुटून फार काळ लोटलेला नव्हता आणि इंटरनेटचे आता संपले असे म्हणणारे पुष्कळ होते. बेझोस यांनी इंटरनेटची तुलना सोन्याच्या शोधार्थ उसळलेल्या गर्दीशी करून पाहिली आणि मग ती बाजूला ठेवून विजेशी केली. अमेरिकेतील घरांत वीज पहिल्यांदा आली ती केवळ दिव्यांसाठी. भिंतीत प्लग लावण्याची सोयच नव्हती. त्यामुळे 1908 च्या सुमाराचे हर्ली कंपनीचे धुलाई यंत्र चालवायचे, तर त्याची वायर छतावरच्या दिव्याच्या होल्डरला जोडावी लागे, आणि त्या यंत्राला चालू-बंद करण्याचे बटणही नव्हते. इंटरनेट अजून त्याच अवस्थेत आहे, असे त्यांचे म्हणणे.

आता या भागात कोणते शब्द येतात ते पाहा. प्लग, सॉकेट, कॉर्ड, स्विच, अप्लायन्स, वायर, आउटलेट. विषय इंटरनेटच्या भवितव्याचा असूनही हाती लागला तो घरातला शब्दसंग्रह. भाड्याची खोली घेताना किंवा पंखा दुरुस्त करून घेताना लागणारा. ‘आउटलेट’ म्हटले की आपल्याला कंपनीचे दुकान आठवते, येथे तो भिंतीतल्या प्लगच्या जागेसाठी आला आहे आणि संदर्भ डोळ्यांसमोर असल्यामुळे हा दुसरा अर्थ कोश न उघडता कळतो. चांगला वक्ता अवघड कल्पना समजावताना नेहमी घर, बाजार, प्रवास, शेजारीपाजारी यांच्याकडे वळतो, आणि आपल्याला हवे असलेले रोजचे इंग्रजी नेमके तेथेच असते. सबंध व्याख्यानाकडे सारखे लक्ष देऊ नकोस. वक्ता उदाहरण द्यायला लागला की सावध हो.

ऐकण्याची रीत थोडक्यात सांगतो. टेडमधील भाषणाला साधारणपणे 18 मिनिटांची मर्यादा असते. तेवढ्यात दोन-अडीच हजार शब्द सहज बोलले जातात, म्हणून एका बैठकीत सगळे पकडण्याचा हट्ट नको. प्रथम उपशीर्षके, म्हणजे पडद्यावर खाली उमटणारी वाक्ये, न पाहता ऐक. मग इंग्रजी उपशीर्षके लावून ऐक आणि शेवटी लिखित मजकूर वाच. काही भाषणांना स्वयंसेवकांनी केलेली मराठी उपशीर्षके असतात. ती फार मेहनतीने केलेली असली तरी तू ती लावू नकोस, कारण मराठी अक्षरे समोर आली की कान झोपतो. वेग कमी करून ऐकण्यात कमीपणा नाही. यंत्राने आपोआप दिलेल्या उपशीर्षकांवर मात्र पूर्ण विश्वास टाकू नकोस. विशेषतः भारतीय नावे तेथे हास्यास्पद होतात. एका भाषणातून पाच-सहा शब्दप्रयोग पुरेत. प्रत्येकाचे वक्त्याच्या तोंडचे पूर्ण वाक्य वहीत लिही आणि त्याखाली तुझ्या घरातल्या, दुकानातल्या किंवा बसस्थानकावरच्या प्रसंगाचे तुझे स्वतःचे वाक्य लिही. हे दुसरे वाक्य ज्या शब्दाचे सुचत नाही, तो शब्द तूर्त सोडून दे.

कानाच्या बाबतीत आपली एक वेगळीच अडचण आहे. पुष्कळ इंग्रजी शब्द आपण मराठी पेहरावात ओळखतो, म्हणून मूळ उच्चारात ते समोरून गेले तरी कळत नाहीत. आपण ‘डेव्हलप’मध्ये ‘डे’वर जोर देतो, इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचा जोर ‘व्हे’वर असतो. ‘हॉटेल’मध्ये ते ‘टेल’वर जोर देतात, आणि ‘कम्फर्टेबल’ तर बोलताना निम्मा गिळून टाकतात. शब्द लिहिताना जोर कोठे आहे त्या अक्षराखाली रेघ मार. अमेरिकन ढंगाची नक्कल करण्याची मात्र मुळीच गरज नाही. पुण्या-नागपूरच्या उच्चारांत स्वच्छ इंग्रजी बोलता येते.

आणखी एका गोष्टीपासून जप. व्यवसायावरच्या भाषणांत ‘बॉलपार्क फिगर’ (अंदाजे आकडा), ‘टच बेस’ (थोडक्यात संपर्क साधणे) असे अमेरिकन मैदानी खेळातून आलेले प्रयोग फार असतात. कोणी वापरले तर कळावेत इतपत ते माहीत असू देत, पण नवख्या माणसाच्या तोंडी ते उसने वाटतात. याच्या उलट, आपल्याकडे रूढ असलेला ‘पास आउट’ पदवीधर होण्यासाठी भारतीय कार्यालयात खुशाल वापर. परदेशी माणसाशी बोलताना मात्र ‘ग्रॅज्युएट’ म्हण, नाहीतर तू चक्कर येऊन पडला होतास असे त्याला वाटेल. यशाचे मंत्र सांगणारी, टाळ्यांवर चालणारी भाषणेही बाजूला ठेव. त्यांत कामाच्या शब्दांपेक्षा विशेषणेच अधिक असतात आणि घडलेला असा प्रसंग क्वचितच असतो.

वर सांगितलेल्या दोन भाषणांपासूनच सुरुवात कर. बेझोस यांचा धुलाई यंत्राचा भाग ऐकून झाला की कागद न धरता, दोन मिनिटांत, तो स्वतःच्या इंग्रजीत मोबाइलवर बोलून ध्वनिमुद्रित कर आणि मला पाठव. व्याकरणाच्या चुका मी या खेपेस मोजणार नाही. वहीत उतरवलेल्या प्रयोगांपैकी किती आपसूक तोंडी आले आणि कोठे तू अडखळून मराठीकडे वळलास, एवढेच मला ऐकायचे आहे. पुढचे भाषण कोणते घ्यायचे ते त्या अडखळण्यावरून ठरवू.

कळावे,
तुझा हितचिंतक