टिपांची वर्गणी भरली की 500 ची पैज 825 ला पडते

पुण्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देत आहे.

"आमचे हे बँकेतून निवृत्त झाले. रेसचा सिझन सुरू झाला की शनिवार-रविवार कॅम्पातलं रेसकोर्स ठरलेलं. पूर्वी रेसचं पुस्तक घेऊन जायचे, शंभर-दोनशे लावून संध्याकाळी घरी. माझी काही तक्रार नव्हती. वर्षभरापासून मात्र एका टिपांच्या साप्ताहिकाची 'व्हीआयपी' वर्गणी भरतात, महिन्याला 3,000 रुपये. पीडीएफ येतं आणि रेसच्या दिवशी व्हॉट्सॲपवर 'पक्के' घोडे येतात. महिन्याला चोवीसेक पैजा, एकेक 500 ची. म्हणतात, दहातले चार घोडे लागतात, वर्गणी वसूल होते. मला यातलं कळत नाही, पण घरात पैसा येताना दिसत नाही. विचारलं की भांडण. खरंच वसूल होत असेल का? आणि त्यांना न दुखावता कसं बोलू?"

प्रिय ताई,

वसूल होत नाही. यजमान खोटं बोलत असतील असं मात्र मला वाटत नाही. दहातले चार लागतही असतील. तरीही महिन्याअखेरीस पैसे कमी होतात, आणि ते का होतात हे कागदावर मांडता येतं. हा कागद त्यांच्यासमोर ठेवता येईल अशा बेताने लिहिते. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला आकडे भांडणापेक्षा लवकर पटतील.

सप्टेंबर 2025 पासून रेसच्या पैजेवर 40 टक्के जीएसटी आहे. आधी तो 28 टक्के होता. हा कर जिंकलेल्या पैशांवर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर आहे. म्हणजे 500 ची पैज 700 ला पडते. आता वर्गणी घ्या. 3,000 भागिले 24 पैजा, म्हणजे दर पैजेमागे 125. एकूण झाले 825. घोड्याचा भाव दोनास एक (म्हणजे एका रुपयावर दोन रुपये नफा) असेल आणि तो जिंकला, तर मुद्दलासकट हातात 1,500 येतात. 825 ला 1,500 ने भागलं की 55 टक्के येतात. नुसतं बरोबरीत राहायला शंभरातले 55 घोडे लागायला हवेत. कर आणि वर्गणी नसती तर याच भावाला 33 पुरले असते.

यजमानांचा चाळीस टक्क्यांचा दावा जसाच्या तसा मान्य करू. महिन्याचा खर्च 24 गुणिले 825, म्हणजे 19,800. लागलेले घोडे सरासरी 9.6, प्रत्येकी 1,500 प्रमाणे 14,400. तूट 5,400 रुपये, दर महिन्याला. यातली फक्त 3,000 ची वर्गणी त्यांना डोळ्यांसमोर दिसते. बाकीची तूट तिकिटातिकिटांत विरघळते, म्हणून लक्षात येत नाही. शिवाय जिंकल्याचं तिकीट लक्षात राहतं आणि हरलेलं तिथेच फाडून टाकलं जातं.

हे झालं दोनास एक भाव खरंच मिळाला तर. टिपांच्या धंद्यातली मोठी गोम इथेच आहे. एकच टिप शेकडो वर्गणीदारांना एकाच वेळी पोचते. सगळे त्याच घोड्यावर तुटून पडले की बुकी भाव पाडतो. टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या सामायिक पैजेच्या खिडकीवर, तर सगळ्यांनी लावलेल्या पैशांतून कपात करून उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते, त्यामुळे एका घोड्यावर जेवढी तिकिटं जास्त तेवढा डिव्हिडंड, म्हणजे दर तिकिटाला मिळणारा वाटा, कमी. पीडीएफमध्ये दोनास एक छापलेला घोडा खिडकीशी पोचेपर्यंत दीडास एक झालेला असतो. मग 500 वर हातात 1,250 येतात आणि बरोबरीत राहायला 66 टक्के घोडे लागावे लागतात. साप्ताहिक मात्र पुढच्या अंकात "आमचा दोनास एकचा घोडा लागला" असंच छापणार. टिप चांगली असली तरी ती विकल्याने बिघडते. म्हणूनच ज्याला खरी खबर आहे त्याला ती लोकांना सांगणं परवडत नाही.

आता "दहातले चार" या आकड्याबद्दल. जगभरात साधारण तीनातली एक शर्यत फेव्हरिट, म्हणजे सगळ्यात कमी भावाचा घोडा, जिंकतो. म्हणजे रेसबद्दल काहीही कळत नसलेल्या माणसाने प्रत्येक शर्यतीत सगळ्यात कमी भावाचा घोडा लिहून दिला, तरी त्याचे चोवीसातले आठ लागतील. एखाद्या महिन्यात नशिबाने दहा-अकरा लागतील, एखाद्या महिन्यात पाच. तेव्हा दहा-वीस शर्यतींच्या निकालावरून टिपस्टरचं कसब काही ठरत नाही. शंभर पैजांमध्येही 33 अपेक्षित असताना 28 ते 38 असा फरक नुसत्या योगायोगाने पडतो. "या महिन्यात 42 टक्के" अशी जाहिरात दिसली, तर किती पैजांचा हिशेब आहे आणि भाव कुठला धरलाय, हे दोन प्रश्न आधी विचारायचे. ब्रिटनमधल्या 'रेसिंग पोस्ट'मध्ये वर्तमानपत्रांच्या टिपस्टरांचा नफा-तोटा एक पौंडाच्या समान पैजेवर तक्त्यात छापतात. ज्याला आपल्या कामाची खात्री आहे त्याने असा तक्ता द्यायला हरकत नसावी.

फसवणुकीचे प्रकारही माहीत असू द्या. शर्यतीगणिक तीन घोडे द्यायचे आणि कुठलाही आला तरी "आमचाच" म्हणायचं, हा सर्रास चालणारा. निकालानंतर हरलेल्या घोड्याचा मेसेज डिलीट करायचा, हा दुसरा. तिसरा जास्त वाईट आहे. आठ घोड्यांची शर्यत, आठशे गिऱ्हाइकं, शंभर-शंभर जणांना वेगवेगळा घोडा पाठवायचा. शंभर जणांचा हमखास लागतो. पुढच्या शर्यतीत त्या शंभरांचे पुन्हा आठ गट करायचे. बारा-तेरा माणसं अशी उरतात की ज्यांना लागोपाठ दोन पक्क्या टिपा मिळाल्या. त्यांना "स्पेशल फिक्स" (निकाल आधीच ठरलाय असं सांगून दिलेली टिप) मोठ्या किमतीला विकता येतो, आणि ती माणसं शपथेवर सांगतात की हा माणूस खरा आहे.

आणि "रिकव्हरी प्लॅन". हरलात की पुढची पैज दुप्पट करा, एक घोडा लागला की सगळं भरून निघेल, असं या ग्रुपांवर सर्रास सांगतात. 500 पासून सुरुवात करून सलग सहा हुकले, तर 31,500 गेले, करासकट 44,100. सातवी पैज 32,000 ची. दहातले चार घोडे लागत असले तरी सिझनभरातल्या शंभरेक पैजांमध्ये सलग सहा हुकण्याची वेळ निदान एकदा येण्याचीच शक्यता जास्त. यजमान पैज दुप्पट करतात का, हे आधी विचारा. वर्गणीपेक्षा हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

रेसचं साधं पुस्तक मात्र या सगळ्यातून मी बाजूला काढते. त्यात घोड्याच्या आधीच्या शर्यती असतात, वजन किती किलो, जॉकी-ट्रेनर कोण, ड्रॉ (सुटण्याची जागा) कितवा, अंतर 1,000 मीटर की 1,400, सकाळच्या सरावाचं टायमिंग काय. ज्याला शर्यत समजून बघायची आहे त्याने ते जरूर घ्यावं. मागच्या वेळी जिंकलेल्या घोड्याचं रेटिंग चढतं आणि हँडिकॅप शर्यतीत (जिथे रेटिंगप्रमाणे वजन ठरतं) त्याच्या पाठीवर वजन वाढतं. 1,200 मीटरला सुसाट सुटणारा 1,600 ला शेवटच्या फर्लांगात थकतो. हे वाचून स्वतः अंदाज बांधण्यात खरी मजा आहे आणि यजमानांना ती वर्षानुवर्षं मिळत होती. सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं. एवढ्याने कौशल्य असलेल्या माणसाला नफा होतोच असं मात्र नाही, कारण 40 टक्के कर कौशल्य असणाऱ्यालाही लागतो.

ग्रुपवर बाहेरच्या बुकीचा नंबर कोणी दिलाय का, हेही बघा. "कर लागणार नाही, पैसे नंतर द्या" असं आमिष असतं. रेसकोर्सवरची परवानाधारक पैज कायदेशीर आहे, फोनवरची ही पैज बेकायदा आहे. त्याहून मोठी भीती उधारीची. खिशात नाहीत ते पैसे तिथे लावता येतात आणि वसुलीला माणूस थेट दारात येतो. त्याच ग्रुपवर क्रिकेटच्या टिपा येत असतील तर एका दिवसाचाही विचार न करता बाहेर पडायला सांगा. क्रिकेटवरचा सट्टा बेकायदाच आहे.

प्राप्तिकराचंही एक आहे. रेसमध्ये जिंकलेल्या पैशांवर 30 टक्के कर, वर सेस. बाकी उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असलं तरी हा चुकत नाही. हरलेल्या पैजांचा तोटा त्यातून वजा करता येत नाही, टिपांची वर्गणीही नाही. एका वेळच्या 10,000 वरच्या रकमेला टीडीएस कापूनच पैसे हातात येतात. वरच्या हिशेबात हा कर धरलेलाच नाही.

आता बोलायचं कसं. रेसहून हरून आल्यावर रविवारी रात्री विषय काढू नका. मधल्या वारी, सकाळच्या चहाच्या वेळी काढा. "तुम्ही पैसे उडवता" ऐवजी "मला हा हिशेब समजावून सांगा" म्हणा आणि वही पुढे करा. त्यांना रेस सोडायला सांगू नका. मागणी एकच ठेवा: दोन महिने वर्गणी बंद आणि टिपा कागदावर तपासायच्या. टिपा मिळत नसतील तर त्यांनी स्वतःचे घोडे लिहावेत. वहीत तारीख, शर्यत क्रमांक, घोडा, लिहिल्याची वेळ, त्या क्षणी खरोखर मिळणारा भाव, 500 ची मानलेली पैज, 200 कर आणि परत आलेली रक्कम, एवढे रकाने पुरेत. नोंद शर्यत सुटण्याआधी झाली पाहिजे. शेजारच्या रकान्यात त्याच शर्यतीचा फेव्हरिट त्याच पैजेने लिहा. दोन महिन्यांनी दोन्ही बेरजा शेजारी-शेजारी मांडा. टिपांचा आकडा फेव्हरिटपेक्षा वर्गणीइतका तरी पुढे नसेल, तर वर्गणी कशाची भरली याचं उत्तर त्यांचं त्यांनाच मिळेल.

दरम्यान रेससाठी महिन्याची एक रक्कम दोघांनी मिळून ठरवा. ती रोख पाकिटात काढून ठेवा. पाकीट संपलं की त्या महिन्याची पैज संपली, जिंकलेले पैसे पाकिटात परत जाणार नाहीत. आधी शंभर-दोनशेत संध्याकाळ छान जायची, तेवढंच पुन्हा ठेवायला ते कदाचित राजीही होतील.

वही दाखवायला ते ठाम नकार देत असतील, एफडी मोडली असेल, सोनं गहाण असेल, मुलांकडून किंवा मित्रांकडून कारण न सांगता पैसे घेतले असतील, हरल्यावर त्याच दिवशी जास्त लावत असतील, तर मामला वर्गणीच्या पलीकडे गेलाय. हा स्वभावाचा दोष नाही, उपचार असलेला आजार आहे. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि घरच्यांनीही फोन करावा. तोवर त्यांचं कर्ज गुपचूप फेडू नका. फेडलं की पुढच्या पैजेला जागा होते. एफडी दोघांच्या नावावर असेल तर ती मोडायला दोघांची सही लागेल अशी सूचना दोघांनी मिळून बँकेत देऊन ठेवा.

आजच करण्याजोगं एक काम आहे. वर्गणी यूपीआयवर ऑटोपे असेल तर ज्या ॲपवरून मंजुरी दिली त्यात ऑटोपे किंवा मँडेट असा विभाग असतो. तिथे साप्ताहिकाचं नाव शोधून मंजुरी रद्द करा. नुसता ग्रुप सोडल्याने पैसे कापणं थांबत नाही. "स्पेशल फिक्स" म्हणून जादा पैसे उकळले असतील तर स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचे क्रमांक जपून ठेवा, ग्रुप लगेच डिलीट करू नका आणि 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसे जाऊन जितका कमी वेळ झाला असेल तितकी ते गोठवता येण्याची शक्यता जास्त. फोन करताना यजमानांनाही शेजारी बसवा, व्यवहारांची माहिती त्यांनाच सांगता येईल.