‘कर्टन’ वाचू की तशीच ठेवू?

प्रश्न : ताई, बारावीच्या सुट्टीत ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ वाचली आणि अगाथा ख्रिस्तीच्या गुप्तहेर पॉयरोने मला पछाडलं. मग फाउंटनच्या फुटपाथवरून एकेक जुनं पुस्तक आणत पहिल्यापासून सगळ्या क्रमाने वाचायला घेतल्या. सहा वर्षांत ३३ पैकी ३२ कादंबऱ्या झाल्या. बत्तिसावी ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’. दोन रात्री जागून संपवली आणि फार वाईट वाटलं. माणसं नुसती बोलत बसतात. एका वस्तूचा उल्लेख आला तिथेच मला उत्तर कळलं, पॉयरोच्या कितीतरी आधी. माझं वाचन चुकलं का? आता फक्त ‘कर्टन’ उरली आहे. तीही अशीच निघाली तर? न वाचता तशीच ठेवावी असं वाटतंय.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचं वाचन अजिबात चुकलेलं नाही. पुस्तकच कच्चं आहे.

मी ते वाचलं तेव्हा शेवटी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडत बसले होते. जनरल रेव्हन्सक्रॉफ्ट आणि त्यांची पत्नी कड्याजवळ गोळ्या लागून मेलेले सापडले. कोणी कोणाला मारलं, हा प्रश्न. पण ही घटना घडून वर्षं किती झाली? कुठे दहा-बारा, कुठे पंधरा, कुठे वीस. एका ठिकाणी जनरल साठ वर्षांचे नि पत्नी पस्तिशीची आहे, आणि पुढे आलेल्या हकिकतीशी ही वयं जुळतच नाहीत. रहस्यकथेत आपण तारखांवर विसंबून पाऊल टाकतो. लेखिकेचीच तारीख सरकली, तर आपण कशाच्या आधारावर तर्क करायचा? हस्तलिखितावर कोणीतरी लाल पेन चालवायला हवं होतं, असं मला आजही मनापासून वाटतं.

आता साल बघा. पुस्तक १९७२ चं. बाईंचा जन्म १८९० चा, म्हणजे वय ८२. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये त्यांच्या कादंबऱ्यांतले शब्द संगणकावर मोजले. उतारवयातल्या पुस्तकांत, आणि या पुस्तकात तर ठळकपणे, शब्दसंग्रह आटलेला दिसला. तेच ते शब्द आणि ‘काहीतरी’, ‘कसलीतरी गोष्ट’ अशी मोघम बोली वाढलेली दिसली. त्यावरून त्यांनी स्मृतिभ्रंशाची शंका व्यक्त केली. तुम्हाला जाणवलं ते हेच असावं. हे वाचलं तेव्हा मला माझी आई आठवली. ऐंशी उलटल्यावर ती पानशेतच्या पुराची गोष्ट सांगायची, तेव्हा मी कधी तिच्या कडेवर असायचे, कधी जन्मलेलेच नसायचे. पण पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला लागलं होतं, ते मात्र दरवेळी तेच. आठवणींवरचीच ही कादंबरी बाईंनी अशा वयात लिहायला घेतली, याने माझा राग गेला. पुस्तकाबद्दलचं मत मात्र बदललं नाही.

कारण हाच डाव त्या आधी किती सुंदर खेळल्या होत्या! ‘फाइव्ह लिटल पिग्ज’ तुम्ही वाचली आहेच, ती पुन्हा काढा. तिथेही जुना खून, तिथेही मुलीला आईबद्दलचं खरं हवं आहे. चित्रकार एमियस क्रेलला विष दिल्याबद्दल त्याच्या बायकोला शिक्षा झाली, त्याला सोळा वर्षं झाली आहेत. पॉयरो पाच जणांकडून तो दिवस लिहून घेतो. फिलिप ब्लेकच्या लिहिण्यात चीड आहे, मेरेडिथच्या लिहिण्यात चाचरणं आहे, आणि मिस विल्यम्स ही म्हातारी शिक्षिका जे सांगते ते ताठ मानेने सांगते. नाव झाकलं तरी कोणाचा कागद ते ओळखता येतं. ‘एलिफंट्स’मधल्या बायकांची नावं झाकून बघा, सगळ्या एकाच आवाजात बोलतात.

आता ‘कर्टन’. ही छापली गेली १९७५ मध्ये, लेखिकेच्या मृत्यूच्या काही महिने आधी, म्हणून क्रमाने शेवटची. पण लिहिली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. लंडनवर बॉम्ब पडत होते, आपलं काही बरंवाईट झालं तर मुलीच्या हाती काही असावं म्हणून ख्रिस्तीबाईंनी ती लिहून तिच्या नावे केली आणि कुलूपबंद ठेवली. त्या वेळी त्यांनी नुकती पन्नाशी गाठली होती. आणि ‘फाइव्ह लिटल पिग्ज’ कधीची? १९४२-४३ ची. दोन्ही एकाच हाताच्या, एकाच उमेदीच्या काळातल्या. तुम्ही घाबरता आहात ते ८२ वर्षांच्या लेखिकेला, पण ‘कर्टन’मध्ये ती तुम्हाला भेटणारच नाही.

उघडलीत की पुन्हा स्टाइल्सचं घर दिसेल, जिथे १९२० मध्ये पॉयरो पहिल्यांदा वाचकांसमोर आला, आणि त्याचा जुना मित्र हेस्टिंग्जही परत आलेला असेल. त्यापुढचं मी सांगणार नाही. तुम्हीही ती वाचून होईपर्यंत कोणाला विचारू नका, जुन्या प्रतीच्या मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूरही वाचू नका. एक रात्र मोकळी ठेवा आणि सुरू करा. वाचून झाली की मला पत्र टाका. मी वाट बघते आहे.