सायंकाळचे दही आणि पचन

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे आहे. दुपारचे जेवण घाईत उरकावे लागते, म्हणून दही मी सायंकाळच्या जेवणात घेते. दिवस मावळल्यावर दही पचत नाही आणि त्याने कफ होतो, असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. एरवी मला काही त्रास जाणवत नाही. मात्र जेवायला उशीर झाला, की छातीत जळजळते आणि पोट जड वाटते. दही बंद करावे का?

उत्तर : तूर्त दही बंद करण्याची गरज दिसत नाही, जेवणाची वेळ मात्र जरूर बदलावी. आपल्याला त्रास होतो तो जेवायला उशीर झाला की, हे आपणच लिहिले आहे आणि ते निरीक्षण मोलाचे आहे. सायंकाळी घन अन्न जठरातून सकाळच्या मानाने काहीसे सावकाश पुढे सरकते. त्यातच भरल्या पोटी आडवे झाले, तर जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर येण्यास वाव मिळतो. जेवण स्निग्ध असेल तर जठर रिकामे व्हायला आणखी वेळ लागतो, म्हणजे साईच्या दाट दह्याची मोठी वाटी जेवणाच्या शेवटी घेऊन लगेच अंथरुणाला पाठ टेकणे हे जळजळीला निमंत्रणच ठरते. तेच दही कमी स्निग्धांशाचे, वाटीभरापेक्षा कमी आणि झोपण्यापूर्वी ३ तास खाल्ले, तर बहुतेकांना त्याचा उपद्रव होत नाही.

‘रात्री दही पचत नाही’ हे सरसकट विधान मात्र शरीरक्रियेशी जुळत नाही. दूध पचवताना अनेकांना अडचण येते ती त्यातील लॅक्टोज या साखरेची. विरजण लावल्यावर जिवाणू या साखरेचा काही भाग वापरून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळेच दुधातील केसिन हे प्रथिन गोठून दही लागते. उरलेल्या साखरेच्या बाबतीतही ते मदत करतात, कारण दह्याबरोबर लहान आतड्यात पोहोचलेल्या जिवाणूंमधील विकर (एन्झाइम) तेथे ती साखर फोडू लागते. दह्यातील जिवंत जिवाणूंमुळे लॅक्टोजचे पचन सुधारते, हा दावा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० साली मान्य केला. त्यासाठी दर ग्रॅममागे किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत, अशी अट आहे. या कामाला सूर्यास्ताची आडकाठी नाही. दही उकळले तर मात्र जिवाणू मरतात आणि हा फायदा बराचसा जातो.

वडीलधाऱ्यांच्या म्हणण्याला जुना आधार आहे, हेही मान्य केले पाहिजे. आयुर्वेद दह्याला पचायला जड आणि कफ वाढवणारे मानतो, आणि चरकसंहितेत रात्री दही खाऊ नये असे स्पष्ट सांगितले आहे. आयुर्वेदातील कफ ही संकल्पना मात्र नाका-घशातील शेंबडापुरती मर्यादित नाही. त्या शेंबडापुरते बोलायचे, तर दूध-दह्याने तो अधिक तयार होतो याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. लाळेत मिसळल्यावर दुधाचा पातळ थर काही वेळ घशात जाणवतो आणि तोच कफ वाटतो. तरीही सर्दी-खोकल्यात दह्याने त्रास वाढतो असा आपला स्वतःचा अनुभव असेल, तर तेवढे दिवस ते टाळण्यात काहीच गैर नाही.

आपण असे करून पाहावे : दोन आठवडे दह्याचे प्रमाण आहे तेवढेच ठेवून जेवण लवकर घ्यावे. जळजळ थांबली, तर दोष उशिराचा होता हे कळेल. ती कायम राहिली, तर पुढचे दोन आठवडे दही वगळून पाहावे. दोन्ही बदल एकदम केले, तर कारण हाती लागणार नाही. दही खाल्ल्यावर काही तासांत पोट फुगणे, गुडगुडणे आणि जुलाब होत असतील, तर लॅक्टोज न पचण्याची शक्यता वैद्यकीय सल्ल्याने तपासून घ्यावी. गिळताना अन्न अडकणे, वजन विनाकारण घटणे किंवा शौच काळसर होणे यांपैकी काहीही आढळल्यास प्रयोग करत न बसता लगेच डॉक्टरांना भेटावे.

प्रश्न : थायरॉइडची गोळी मी रात्री झोपताना घेतो. जेवणात दही चालेल का?

उत्तर : चालेल, पण मध्ये अंतर हवे. थायरॉइडच्या गोळीतील लेव्होथायरॉक्सिन या औषधाचे शोषण अन्नामुळे, विशेषतः दह्यातही असलेल्या कॅल्शियममुळे, घटते. म्हणून गोळी रात्री घेण्याचे ठरले असेल, तर ती शेवटच्या खाण्यानंतर किमान ३ तासांनी घ्यावी. झोपण्यापूर्वी चमचाभर दही खाण्याची सवय असल्यास तीही या हिशेबात धरावी. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांशीही कॅल्शियम जखडले जाते, तेव्हा ती दह्याबरोबर घेऊ नयेत. किती अंतर ठेवायचे हे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.